मूत्रपिंडाच्या रोग्याने नाताळचे गोड किती खावे?

नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी कढया चुलीवर चढतात. नेवऱ्या, दोदोल, बेळगावचा कुंदा, शिवाय मुलांसाठी चॉकलेट. ज्या घरात मूत्रपिंडाचा म्हणजे किडनीचा रोगी आहे, तेथे प्रश्न पडतो की त्याच्या ताटलीत काय वाढावे? कोणी मायेपोटी सर्वच वाढतो, कोणी भीतीपोटी काहीच देत नाही. दोन्ही रीती चुकीच्या आहेत.

खताच्या पोत्यावरील स्फुरद व पालाश शेतकरी बंधूंना ठाऊक आहेत. त्यांतील फॉस्फरस व पोटॅशियम आपल्या अन्नातही असतात. निरोगी मूत्रपिंड त्यांचा जादा भाग लघवीवाटे बाहेर टाकते. ते निकामी झाले की हे क्षार रक्तात साठतात. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडतात व जीवावर बेतते. फॉस्फरस वाढल्यास अंगाला खाज सुटते व हाडे कमकुवत होतात.

साखरेपेक्षा गूळ बरा, असा आपला समज आहे. या रोग्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. गुळात पोटॅशियम भरपूर, साखरेत जवळजवळ नाहीच. म्हणून माडाचा गूळ व नारळाचा रस घालून केलेला दोदोल, तसेच खजूर, मनुका व काजू यांपासून जपावे. शहाळ्याच्या एका मोठ्या पेलाभर पाण्यात सुमारे 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. कुंदा व पेढे दुधाचे, म्हणून त्यांत फॉस्फरस अधिक.

काळ्या कडू चॉकलेटच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 700 मिलिग्रॅम पोटॅशियम व 300 मिलिग्रॅम फॉस्फरस असते. दुधाच्या चॉकलेटमध्ये पोटॅशियम त्याच्या निम्मे. म्हणजे अख्खी वडी नको. पण डॉक्टरांची संमती असल्यास सणाला 10 ग्रॅमचा तुकडा चालू शकेल.

मग वाढावे काय? मैदा व साखरेच्या, सुका मेवा न घातलेल्या दोन-चार शंकरपाळ्या त्यामानाने बऱ्या. मात्र मधुमेह असल्यास साखरेचेही माप हवे. मिठाऐवजी मिळणारे ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. प्रत्येकाचे पथ्य रक्ततपासणीवरून ठरते. शेजाऱ्याचे पथ्य आपल्याला लावू नये.

मधुमेह व रक्तदाब ही या रोगाची मोठी कारणे. ज्यांना ते आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी लघवी व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. आणि सणाच्या पंगतीत रोग्याला वेगळे बसवू नये. ताटली लहान असली तरी त्याची जागा सर्वांबरोबरच असावी.