जुनी मारुती आणि पेट्रोलचा हिशेब

मैत्रिणींनो, दुधाचं, वाण्याचं, विजेचं बिल आपण महिन्याच्या महिन्याला डोळ्यांत तेल घालून तपासतो. गाडीच्या पेट्रोलकडे मात्र ‘ते यांचं खातं’ म्हणून पाहतही नाही. पण पैसे जातात ते एकाच घरातून, नाही का?

मीरा-भाईंदरच्या कितीतरी सोसायट्यांच्या आवारात अजून एखादी जुनी मारुती 800 उभी दिसते. नोकरीवर जाणारी माणसं सकाळी मीरा रोड नाहीतर भाईंदर स्टेशनला लोकल धरतात. गाडी लागते ती घरच्या कामांना. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं, रात्री मुलांना क्लासहून आणायचं, कधी उत्तनला, कधी घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला नातलगांकडे जायचं. नवी गाडी घ्यावी तर हप्ते मागे लागतात. जुनी विकावी तर हाती थोडेच पैसे येतात आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना रिक्षाच्या रांगेत उभं करावं लागतं. मग घरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘गाडी चांगली आहे हो, पण हल्ली पेट्रोल फार पिते. काहीतरी बसवून घेऊ या.’

हे ‘काहीतरी’ बसवण्याआधी थोडं थांबा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं व्हायला नको.

गाडीची ओळख करून घ्या

ही गाडी रस्त्यावर आली 14 डिसेंबर 1983 रोजी. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं लहान इंजिन आणि साधारण साडेसहाशे किलो वजन, हेच तिच्या काटकसरीचं रहस्य. तिचं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. म्हणजे आज दारात असलेली कोणतीही मारुती 800 आता वयस्करच म्हणायची.

तिच्यात दोन प्रकार आहेत. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर असतो. 2000 सालच्या सुमारास आलेल्या नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून आत सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, म्हणजे एमपीएफआय आहे. आपली गाडी यातली कोणती, हे आधी विचारून घ्या. एकीचं औषध दुसरीला लागू पडेलच असं नाही.

पहिलं काम वहीचं

‘पूर्वी अठरा द्यायची, आता चौदाच देते’ हे बहुधा अंदाजानं बोललेलं असतं. खरं ॲव्हरेज काढणं अगदी सोपं आहे. टाकी फुल करा आणि पंपावरची नळी आपोआप बंद झाली की थांबा. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. तीनेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करा. मधल्या किलोमीटरना या वेळी लागलेल्या लिटरनी भागा. 312 किलोमीटरला साडेएकोणीस लिटर लागले, तर ॲव्हरेज 16. असं दोन-तीनदा करा, म्हणजे खरा आकडा हाती येईल.

आता पैशांचं पाहू. महिन्याला 600 किलोमीटर म्हणजे वर्षाला 7,200. लिटरला 16 मिळाले तर वर्षाला 450 लिटर लागतील, 18 मिळाले तर 400. लिटरचा भाव सोयीसाठी शंभर रुपये धरला, तर वर्षाला पाच हजारांचा फरक पडतो. हा आकडा लक्षात ठेवा. कुणी दहा हजारांचं काही बसवायला सांगितलं, तर ते दोन किलोमीटर वाढवूनसुद्धा पैसे फिटायला दोन वर्षं लागतील!

आणखी एक गोष्ट. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींचं ॲव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. तेव्हा सोळाचे पंधरा झाले तर लगेच गाडीला किंवा चालवणाऱ्याला दोष देऊ नका. मात्र जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्याच. इथेनॉलनं जुनं रबर खराब होऊ शकतं. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आधी दुरुस्ती, मग सुधारणा

जुन्या गाडीचं ॲव्हरेज वाढवायचं म्हणजे मुख्यतः ते पूर्वी होतं तिथे परत आणायचं. गॅरेजमध्ये जाताना ही यादी बरोबर न्या.

टायरमधली हवा: महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासा. किती पौंड हवी ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. शोभेसाठी रुंद टायर घालू नका. बारा इंची चाकाचे मूळचे अरुंद टायरच या गाडीला हलके जातात.

एअर फिल्टर आणि प्लग: कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर धुळीनं भरला की हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त जळतं. एमपीएफआय गाडीत यंत्रणा स्वतःच प्रमाण सांभाळते, म्हणून तिथे फिल्टर बदलल्यानं गाडीचा जोर सुधारेल, ॲव्हरेज फारसं नाही.

चोक: जुन्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना ओढलेला चोक आत ढकलायला विसरलात, तर तो गॅसवर रिकामं पातेलं ठेवण्यासारखाच प्रकार!

थर्मोस्टॅट: इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. ‘उन्हाळ्यात गाडी तापते’ म्हणून काही मेकॅनिक ती काढूनच टाकतात. मग इंजिन नीट गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त लागतं. ती जागेवर आहे का, हे मुद्दाम विचारा.

ब्रेक: आपल्याकडे खाडीची, मिठागरांची खारी हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. ब्रेकचे भाग गंजून अडकतात आणि चाक दाबलेलंच राहतं. सपाट जागी न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी ढकलल्यावर सहज सरकली पाहिजे.

शेवटी डिकी उघडा. जुन्या सतरंज्या, पाण्याचे डबे, टपावरचा न वापरला जाणारा कॅरियर हे सगळं उतरवा. गाडी म्हणजे माळा नव्हे.

पायातली काटकसर

1978 साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था सांगत आली आहे, की ताशी 45 ते 55 किलोमीटरच्या वेगात मोटार कमी पेट्रोलात चालते. शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाका. पुढचा सिग्नल लाल दिसला की पाय आधीच काढा. क्लचवर पाय टेकवून ठेवू नका.

काशीमिऱ्याहून दहिसरकडे जाताना गर्दीच्या वेळी गाडी किती वेळ नुसती उभी राहते, हे आपल्याला ठाऊकच आहे. उभ्या गाडीचं लहान इंजिनही तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल जाळतं. रोज वीस मिनिटं, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे चार लिटर! वर वहीत आलेला फरकही महिन्याला एवढाच होता. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचं असेल, तर इंजिन बंद करावं.

पण गायमुखच्या घाटात उतारावर मात्र हे मुळीच करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी त्याची मदत जाते आणि ब्रेक जड होतात. गिअर घालूनच उतरा. चार थेंबांसाठी माणसांचा जीव टांगणीला लावायचा नाही.

पी हळद आणि हो गोरी

पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून गॅस करणारी बाटली, अशा वस्तूंना बळी पडू नका. पाण्याचा गॅस करायला वीज लागते, ती वीज इंजिनच तयार करतं आणि इंजिन पेट्रोलवरच चालतं. मग बचत कसली? अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं 1970 च्या दशकापासून अशी शंभरावर साधनं तपासली. त्यातल्या फारच थोड्यांचा फायदा दिसला आणि तोही किरकोळ.

सीएनजीचं काय?

खरा मोठा बदल हाच. आपल्या भागात महानगर गॅसचे पंप आहेत आणि किलोमागे खर्च कमी येतो. पण वही इथेही उघडा. किटला पन्नास हजार, सीएनजी 80 रुपये किलो आणि किलोला 22 किलोमीटर असं धरून पाहू. वर्षाला 7,200 किलोमीटर चालणाऱ्या, 18 देणाऱ्या गाडीत वर्षाला पावणेचौदा हजारांच्या आसपास वाचतील. म्हणजे पैसे फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. पत्रा गंजलेली, पुढच्या तपासणीत टिकेल की नाही अशी शंका असलेली गाडी असेल, तर हा खर्च करू नये. रोज लांबचा प्रवास असेल आणि गाडी धडधाकट असेल, तर जरूर विचार करावा.

करायचंच ठरलं तर आपल्या मॉडेलला मान्यता असलेलं किट, अधिकृत केंद्रातून, पक्क्या पावतीसह घ्या. आरटीओत आर. सी. बुकावर नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्या. कुणी ‘नोंदबिंद नको, स्वस्तात बसवून देतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मागच्या सीटवर आपलीच मुलं बसणार आहेत. आणि स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीला जोडण्याचा विचारही नको. तो गुन्हा आहे आणि धोकाही.

तेव्हा या महिन्यात फक्त वही घाला. पुढच्या महिन्यात हवा आणि ब्रेक पाहा, त्याच्या पुढच्या महिन्यात प्लग. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशानं आला ते कळेल. गॅरेजवाला ‘ताई, साहेबांना विचारून सांगा’ म्हणाला, तर वही त्याच्यापुढे ठेवा. मग तो तुमच्याशीच बोलेल.