बर्बन म्हणजे नेमके काय?

बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. 1964मध्ये तिथल्या काँग्रेसने तिला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवले. केंटकी तिचे माहेर, पण अमेरिकेत कुठेही बनवता येते.

नियम : धान्यात किमान 51 टक्के मका. ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्क 80 टक्क्यांपर्यंत, पिंपात भरताना 62.5 टक्क्यांपर्यंत, बाटलीत किमान 40 टक्के. पिंप ओकचे, कोरे आणि आतून जाळलेले. वरून रंग किंवा स्वाद घालण्यास मनाई. हवे तर फक्त पाणी.

फरक कुठे पडतो? मुख्यतः मक्याच्या जोडीच्या धान्यात. राय घातल्यास चव मसालेदार, तिखटसर (बुलेट). रायऐवजी गहू घातल्यास मऊ, गोडसर (मेकर्स मार्क). थोडी मोड आणलेली बार्ली बहुतेक सगळ्यांत असते. तिच्यातील विकरे पिष्टाची साखर करतात.

रंग सगळा पिंपाचा. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते; व्हॅनिला, कॅरॅमलचा स्वाद त्यातूनच उतरतो. गोदामाच्या वरच्या, उष्ण मजल्यावरील पिंपे लवकर मुरतात.

लेबल वाचताना

• स्ट्रेट : किमान 2 वर्षे मुरवलेली. 4 वर्षांपेक्षा कमी असल्यास वय छापणे बंधनकारक.

• बॉटल्ड-इन-बाँड : 1897चा कायदा. एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान 4 वर्षे, मद्यार्क 50 टक्के.

• टेनेसी व्हिस्की : जवळची नातलग. जॅक डॅनियल्ससारखी व्हिस्की पिंपात भरण्यापूर्वी मेपलच्या कोळशातून गाळतात.

वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. अशी असंख्य पिंपे स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते.