आबांची पेन्शन का थांबली? (एपिसोडचा मजकूर)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड.

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. गाव सातारा जिल्ह्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरातल्या मोबाइलच्या सगळ्या कामांचा ठेका माझ्याकडे.

पेन्शन चालू राहायला वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे कळवावं लागतं. तेच जीवन प्रमाणपत्र. गेल्या दिवाळीत मी ते आबांच्या फोनवर दहा मिनिटांत उरकलं. एसएमएस आला, प्रमाण आयडी आला, मी खूश. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचं झकास स्टेटसही टाकलं.

१४ जानेवारीला संक्रांतीसाठी घरी गेलो. हाच दिवस माजी सैनिक दिन म्हणूनही पाळतात, कारण १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले. मी तेही स्टेटस टाकत बसलो होतो, तेवढ्यात आजी हळूच म्हणाली, “आरं, डिसेंबरची पेन्शनच आली न्हाई.”

आबांना विचारलं, मला फोन का नाही केला? म्हणाले, “तू कामात असतोस लेका. कशाला तरास द्यायचा?”

चूक माझीच होती. फॉर्ममध्ये ‘पेन्शन कोण देतं’ असा एक रकाना असतो. पैसे बँकेत येतात म्हणून मी बँक निवडली. पण आबांची पेन्शन आता ‘स्पर्श’वरून येते. ही संरक्षण खात्याची पेन्शनची व्यवस्था आहे. बँकेत फक्त पैसे जमा होतात. म्हणजे आबांचं प्रमाणपत्र तयार झालं, पण गेलं भलत्याच दारात. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट गेली, रिस्पॉन्स आला, पण सर्व्हरच चुकीचा!

म्हणून हे नीट लक्षात ठेवा:

१. आधी ‘स्पर्श’वर लॉगिन करून मुदत बघा. आबांची नोव्हेंबरात होती, तुमच्या घरची वेगळी असू शकते.

२. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून नाही.

३. अ‍ॅप आधी ऑपरेटरचा चेहरा मागतं. तो तुमचा चालतो. मग पेन्शनरचा. आबांच्या बोटांचे ठसे शेतीकामाने झिजलेत, त्यामुळे चेहऱ्याचा पर्याय सोयीचा. उजेडात बसवा, चष्मा काढा, पापणी मिटून उघडायला सांगा.

४. पीपीओ नंबर कागदावरून बघून टाका. पेन्शन देणाऱ्या यंत्रणेत ‘स्पर्श’ निवडा. पण पेन्शन अजून बँकेमार्फतच असेल तर बँक. खात्री नसेल तर आधी विचारा.

५. प्रमाण आयडी आला म्हणजे प्रमाणपत्र तयार झालं, मंजूर झालं असं नाही. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा.

आणि “प्रमाणपत्र करून देतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर सरळ कट करा. हे आजी-आजोबांना दोनदा सांगा.

आबांचं प्रमाणपत्र पुन्हा भरलं आणि थकलेल्या रकमेसकट पेन्शन सुरू झाली. पैसे बुडत नाहीत, अडकतात. पण तेवढ्या दिवसांत औषधं उधारीवर आली, ते मला नंतर कळलं.

सगळ्यांच्या घरी पेन्शन नसते. कमी वर्षं नोकरी करून आलेले जवान असतात, वीरपत्नी असतात. त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, म्हातारपणी आधार अशा कामांसाठी तिथून अर्ज करता येतो. आपल्या गल्लीतल्या एखाद्या काकूंना तिथे गाडीवर सोडून आलो तरी खूप झालं. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा जो निधी गोळा होतो, तोही अशाच कामांना जातो. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाइटवरून आपणही देऊ शकतो.

शेवटचं. आता मी आबांना दर रविवारी फोन करतो, काम नसताना. “लढाईत काय केलं?” असं विचारलं की ते गप्प होतात. “पलटणीत जेवायला काय असायचं?” विचारलं की अर्धा तास बोलतात. त्यातूनच त्यांच्या एका जुन्या साथीदाराचं नाव निघालं. नंबर शोधला, व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघं आधी नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले, मग एकदम शिव्या सुरू! मी खोलीबाहेर आलो.

यंदा ‘पेन्शन आली का?’ हा प्रश्न मीच दर महिन्याला विचारतो. तुमच्या घरी, शेजारी कोणी फौजी असतील तर डिसेंबर संपायच्या आत एक फोन नक्की करा. स्टेटस नंतर टाकू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!