चावी न देता चालणारे घड्याळ

मनगटावरील घड्याळाला रोज ठराविक वेळी चावी देणे हा एके काळी घरोघरचा नित्यनेम होता. विसर पडला की घड्याळ थांबे. स्वयंचलित घड्याळाने ही चिंता दूर केली; परंतु त्याच्या नावाने फसू नये. कोणतेही यंत्र फुकट चालत नाही. ह्या घड्याळालाही चावी लागतेच. ती वापरणाऱ्याचा हात नकळत देत असतो, इतकेच.

यांत्रिक घड्याळातील एका चपट्या डबीत लवचिक धातूची लांब पट्टी गुंडाळलेली असते. हीच मुख्य कमान. पीळ दिलेली कमान उलगडू पाहते आणि त्या जोरावर चक्रे फिरतात. स्वयंचलित घड्याळात ह्या यंत्राच्या पाठीमागे अर्धचंद्राकृती जड वजन मध्यावर मोकळे बसविलेले असते. हात हलला की घड्याळ वळते. वजनाची जड बाजू मात्र गुरुत्वाकर्षणामुळे खालीच राहू पाहते. त्यामुळे ते आतल्या आत फिरते. त्याच्या पुष्कळ फेऱ्यांतून दंतचक्रे कमानीला थोडाच पीळ देतात. म्हणूनच हाताच्या हलक्या हालचालीपुढेही ताठ कमान नमते.

मग दिवसभर हात हलत राहिल्यास कमान तुटत का नाही? साध्या घड्याळात कमानीचे बाहेरचे टोक डबीला पक्के अडकविलेले असते. येथे ते डबीच्या भिंतीला केवळ दाबून टेकलेले असते. पीळ पुरा झाला की ते घसरते आणि जादा ताण आपोआप निघून जातो.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये अब्राहम लुई पेर्लेने अशी घड्याळे केली होती. पण खिशातील घड्याळ फारसे हलत नसल्याने ती युक्ती रुजली नाही. पुढे घड्याळ मनगटावर आले. चावीच्या गुंडीजवळून धूळ व ओल आत शिरते हे पाहून जॉन हारवुड ह्या इंग्रज कारागिराने ती गुंडीच काढून टाकली. 1924 साली त्याला पेटंट मिळाले. त्याचे वजन पूर्ण फिरत नसे, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परते. आर्थिक मंदीत, 1931 साली, त्याचा व्यवसाय बुडाला. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण फिरणाऱ्या वजनाचे घड्याळ पुढे आणले.

कपाटात ठेवलेले असे घड्याळ बहुधा दीड-दोन दिवसांत थांबते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या मनगटावरही ते थांबू शकते. तो घड्याळातील बिघाड नव्हे. बहुतेक घड्याळांत गुंडीने थोडे पीळ दिले की ते पुन्हा चालू लागते. दुरुस्तीचा खर्च करण्यापूर्वी एवढे करून पाहावे.