परदेशात माल बघायला निघालाय? पैशाचं गणित कोल्हापुरातच करून निघा



कँटन फेअरवरचा व्हिडिओ टाकला तेव्हा मला वाटलं होतं, लोक विचारतील माल कुठला आणू, सप्लायर कसा ओळखू. पण सगळ्यात जास्त आलेला प्रश्न होता, "सर, पैसे कसे न्यायचे?" इचलकरंजीच्या एकानं तर थेट विचारलं, "दोन लाख रोख घेऊन जाऊ का?"

हसू नका. पहिल्या वेळी मीही फार शहाणा नव्हतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा ग्वांगझूला गेलो. राजारामपुरीत माझं गिफ्ट बॉक्स आणि पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. भिशी उचलली होती, तीन लाखांची. बायको म्हणाली होती, "भिशीचा पैसा आहे, हिशोब मला दाखवायचा." व्हिसा, तिकीट, हॉटेल, सप्लायरची यादी असं सगळं महिनाभर आधी तयार केलं. फक्त एक गोष्ट शेवटच्या दिवसावर ठेवली, ती म्हणजे पैसे बदलणं. म्हटलं, मुंबई विमानतळावर काउंटर असतातच की.

काउंटर होते. वर मोठ्या अक्षरात 'झिरो कमिशन' लिहिलेलं. बाजारात त्या दिवशी डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. मला मिळाला ८८ रुपये ६० पैशांनी. हजार डॉलर घेतले. कमिशन खरंच शून्य होतं, पण भावातच ४,६०० रुपये गेले. पुढं हाँगकाँगच्या हॉटेलात कार्ड मशीननं विचारलं, रुपयात भरणार की हाँगकाँग डॉलरमध्ये? मी बीबीए झालेला माणूस, रुपयाचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून रुपया दाबला. तिथं नऊशे गेले. ग्वांगझूत त्याच डॉलरचे युआन करताना पुन्हा चौदाशे. आणि कार्डावर जे जे स्वाइप केलं त्यावरचा मार्कअप पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसला, २,६०० च्या घरात.

घरी येऊन बेरीज केली तर साडेनऊ हजार. एक गिफ्ट बॉक्स विकला की माझ्याकडं १४ रुपये सुटतात. म्हणजे जवळपास ६८० बॉक्स मी फुकट विकले. दिवाळीच्या सीझनला एक माणूस आठवडाभर काउंटरवर उभा राहून विकतो तेवढे. आणि हा हिशोब भिशीच्या वहीशेजारी बसून बायकोला दाखवावा लागला, ते वेगळंच.

दोन पैसे, दोन वाटा

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा: प्रवासाचा पैसा वेगळा आणि मालाचा पैसा वेगळा. जेवण, हॉटेल, टॅक्सी, सॅम्पल हा प्रवासाचा खर्च. सप्लायरला द्यायचा अॅडव्हान्स हा आयातीचा पैसा. तो खिशातून न्यायचा नसतो आणि फॉरेक्स कार्डावरूनही द्यायचा नसतो. तो जातो बँकेतून, तुमच्या फर्मच्या चालू खात्यातून थेट सप्लायरच्या कंपनीच्या खात्यात.

त्यासाठी आयईसी लागतो, म्हणजे इम्पोर्ट एक्सपोर्ट कोड. डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. जायच्या आधीच काढून ठेवा. आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. नाहीतर तो बंद पडतो आणि माल न्हावा शेवाला आला की धावाधाव होते.

नेहमीची पद्धत अशी असते की ३० टक्के अॅडव्हान्स आणि माल जहाजावर चढायच्या आधी उरलेले ७०. सप्लायरकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस घ्यायचा, बँकेत द्यायचा, टीटी करायची. इथं एक बारीक जागा आहे, जिथं माझ्या ओळखीचे दोघं अडकलेत. बँक विचारते चार्जेस कोणाकडं. फॉर्मवर 'ओयूआर' असेल तर सगळा खर्च तुमच्याकडं, 'एसएचए' असेल तर वाटून. एसएचए टाकलं की मधल्या बँकेनं वीस-तीस डॉलर कापले, असं होऊ शकतं. मग सप्लायरला रक्कम कमी पोचते आणि तो माल रोखून धरतो. पहिल्याच ऑर्डरला तीस डॉलरवरून वाकडं कशाला घ्यायचं? हे आधी बोलून ठरवा आणि इन्व्हॉइसवर लिहून घ्या.

अजून एक. सप्लायरचा ईमेल आला की "आमचं बँक खातं बदललंय, आता या नंबरवर पाठवा," तर हात जागच्या जागी थांबवा. फेअरमध्ये घेतलेल्या व्हिजिटिंग कार्डवरच्या नंबरवर व्हिडिओ कॉल करा, माणूस बघा, खातं विचारा. ईमेल हॅक करून पैसे वळवायचा हा धंदा जगभर चालतो. खातं कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावावर निघालं तर मी पैसे पाठवत नाही, मग माल कितीही स्वस्त असू दे.

"दादा, बँकेच्या नादाला कशाला लागताय?"

ही गोष्ट मी व्हिडिओत मुद्दाम बोललो नव्हतो. लिहायला सोपी जाते.

अॅडव्हान्स पाठवायच्या वेळी एक माणूस दुकानात आला. ओळखीतूनच. चहा झाला. म्हणाला, "दादा, बँकेच्या नादाला कशाला लागताय? इथं रुपये द्या, तासाभरात तिथं युआन पोचतात. बिल पण निम्म्याचं करून घ्या, ड्युटी वाचल." भाव बँकेपेक्षा चांगला होता, खोटं कशाला सांगू. चार-पाच हजार वाचत होते आणि साडेनऊ हजारांची जखम ताजी होती. त्या रात्री मी खरंच विचारात पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सीएकडं गेलो. त्यांनी फार भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, "माल आला नाही तर कोणाकडं मागणार?" मग कागदावर मांडून दाखवलं. पैसे बँकेतून गेले नाहीत तर माझ्याकडं पेमेंटचा पुरावा नाही. बिल निम्म्याचं दाखवलं तर निम्म्याच रकमेवर आयजीएसटी भरला जाणार, म्हणजे इनपुट क्रेडिटही तेवढंच मिळणार. उरलेली खरेदी माझ्या पुस्तकात नाहीच, तर विक्रीवर नफा फुगलेला दिसणार आणि त्यावर इन्कम टॅक्स. वर फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलनाचा कायदा. त्यात रकमेच्या तीनपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कस्टम्सचं प्रकरण आणखी निराळं. चार-पाच हजार वाचवायला एवढं सगळं. मी त्या माणसाला फोन करून नको म्हटलं. तो म्हणाला, "बघा बुवा, सगळे असंच करतात." करत असतीलही.

आता प्रवासाचा पैसा

चलन विकत घेताना 'भाव काय' असं विचारू नका. विचारा, "हजार डॉलर माझ्या हातात पडायला सगळं धरून किती रुपये द्यायचे?" एवढ्या एका प्रश्नानं निम्मी लढाई जिंकता.

उदाहरण घ्या. समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे. शहरातला अधिकृत मनी चेंजर ९१ नं देतो, वर २०० रुपये सर्व्हिस चार्ज लावतो. चलन बदलण्यावर जीएसटी असतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का धरायचा आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे इथं साधारण १६४ रुपये. एकूण ९१,३६४. विमानतळावरचा 'झिरो कमिशन'वाला ९५ नं देतो, त्याचे जीएसटी धरून ९५,१७१. क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी धरला तर ९३,७१७ पडतात. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की कोण खरंच स्वस्त ते कळतं, पाटीवर काय लिहिलंय त्यावरून कळत नाही.

चलन घ्यायला पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट लागतं. रोख रुपये देऊन ५० हजारांपर्यंतच घेता येतं, त्यावर चेक किंवा बँक ट्रान्सफर. कोल्हापुरात डॉलर, युरो, दिरहम मिळायला अडचण येत नाही, पण दोन-तीन ठिकाणी फोन करा. भाव घासाघीस करून कमी होतो, लक्ष्मीपुरीत धान्याचा होतो तसाच. आणि आठवडाभर आधी करा. गडबडीत माणूस भाव विचारत नाही.

नोटा एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. तशी माझ्यासारख्याला ३,००० ची गरजही पडत नाही. मी आता तीनशे डॉलर नोटांत ठेवतो, दोन वेगळ्या जागी, आणि बाकी सगळं कार्डावर. वर्षात १० लाखांच्या आत चलन घेतलं तर टीसीएसची भानगड नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे, त्याआधी ७ लाख होती.

फॉरेक्स कार्डाचा फायदा असा की भरताना जो भाव मिळाला तो पक्का झाला, पुढं रुपया घसरला तरी तुम्हाला काय फरक नाही. पण कार्डावर कुठली चलनं आहेत ते बघून घ्या. डॉलर, युरो, पाउंड, दिरहम सर्रास असतात. युआन क्वचितच असतो. डॉलर भरलेलं कार्ड चीनमध्ये वापरलं की पुन्हा चलन बदलण्याचा चार्ज बसतो, म्हणजे स्वस्तात घेतलेलं कार्ड तिथं महाग पडतं.

त्यातून चीनमध्ये रोख आणि कार्ड दोन्ही कमीच चालतं. फेअरच्या बाहेर नूडल्सच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड. अलीपेमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, २०२३ पासून परदेशी लोकांसाठी ते बरंच सोपं झालंय. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर अलीपेची फी नाही, वर गेलं की तीन टक्के. हे कळल्यापासून मी जेवण, मेट्रो, टॅक्सी असलं किरकोळ अलीपेवर करतो आणि हॉटेलचं बिल थेट कार्डानं. अॅप इथंच डाउनलोड करून, पासपोर्ट टाकून, कार्ड जोडून निघा. कारण ओटीपी तुमच्या इथल्या नंबरवर येतो, आणि त्या नंबरचं रोमिंग बंद असेल तर तिथं नुसतं बघत बसायचं.

हो, आणि कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून चालू करा. नव्या कार्डावर तो आधी बंदच असतो. माझ्या बरोबरच्या एका मामांचं कार्ड पहिल्या दिवशी तीनदा नाकारलं गेलं, ते यामुळंच. बिचारे घामाघूम झाले, रांगेत मागं वीस माणसं.

मशीननं रुपया की स्थानिक चलन असं विचारलं तर कायम स्थानिक चलन. एटीएमवरसुद्धा तेच. आणि क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख काढू नका, त्याच दिवसापासून व्याज चालू होतं. रोख लागलीच तर डेबिट कार्डानं, एकदाच थोडी मोठी रक्कम, कारण दर वेळचा ठरलेला चार्ज वेगळा लागतो.

यूपीआयबद्दल बरेच जण विचारतात. सिंगापूर, दुबई, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान इथं काही ठिकाणी चालतं, अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो. चाललं तर बोनस समजा, त्याच्या भरवशावर जाऊ नका.

आता चप्पलवाल्या मंडळींसाठी. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, तेव्हापासून मिलानला जायचं म्हणणारी तीन पोरं माझ्या बॅचला आलीत. तिथं मिकाम हे पादत्राणांचं प्रदर्शन फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात भरतं. तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. युरो जवळजवळ प्रत्येक फॉरेक्स कार्डावर असतो, इटलीत कार्ड सगळीकडं चालतं, शंभरेक युरो रोख पुरतात. तुम्ही विकायला जाताय, त्यामुळं ऑर्डरचा पैसाही उलट तुमच्या बँक खात्यात यायला हवा. गिऱ्हाइकानं प्रेमानं हातात युरो ठेवले तरी "बँकेत पाठवा" म्हणायला शिका, नाहीतर निर्यातीचा कागद जुळत नाही.

उरलेल्या चलनाचं काय? परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी विकायच्या. मित्राला विकायच्या नाहीत, तो कितीही चांगला भाव देत असला तरी. माझ्याकडं ३४० युआन उरलेत. इथं विकायला गेलो तर एकानं घेतच नाही म्हटलं आणि दुसऱ्यानं असा भाव सांगितला की मी नोटा परत खिशात घातल्या. गल्ल्यात खालच्या कप्प्यात एका पाकिटात पडल्यात. पाकिटावर बायकोच्या अक्षरात लिहिलंय: 'एप्रिलची फेरी, आधी हे संपवणे.'