रद्दीत देण्याआधी जुने रिसाले एकदा उघडून बघा

रमजानच्या आधी घरं साफ होतात, माळे रिकामे होतात आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे किलोच्या भावाने रद्दीत जातात. पण आपल्या घरांचा इतिहास बराचसा याच गठ्ठ्यांत आहे, असं आम्हाला वाटतं.

आपलं देवगाव रंगारी, सगळा कन्नड तालुका 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी भाषा उर्दू. त्यामुळे दादा-नानांच्या पिढीतले शिकलेले लोक उर्दू वाचायचे. 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, कचेरीत मराठी आली, अनेक पोरं मराठी शाळेत गेली. अशा घरांत मग दोन लिप्या एकत्र नांदू लागल्या.

उर्दूत सगळ्यांत गाजलेला रिसाला म्हणजे दिल्लीचा ‘शमा’. युसूफ देहलवी यांनी तो 1939 ला सुरू केला. फिल्मी बातम्या, अफसाने, गझला आणि बक्षिसाचं मुअम्मा, सगळं एकाच अंकात! म्हणजे सिनेमा आणि अदब त्या काळी एकमेकांपासून लांब नव्हते. त्याच घराण्याचा ‘खिलौना’ मुलांसाठी आणि ‘बानो’ बायकांसाठी होता. ज्या वडीलधाऱ्यांना फिल्मी फोटो पसंत नव्हते, त्यांच्यासाठी रामपूरहून ‘अल-हसनात’, ‘नूर’ आणि ‘बतूल’ निघत. मुलींनी काय वाचावं, हा वाद आज मोबाईलवरून होतो, तेव्हा रिसाल्यांवरून व्हायचा. इतकाच फरक.

मराठीत 1952 पासून ‘चांदोबा’ होता. 1971 ला बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं.

आता एक गोष्ट नीट बघा. दिल्ली-रामपूरच्या कथांत घर आपल्यासारखं, पण गाव उत्तरेकडचं. मराठी मासिकांत गाव आपलं, शेत आपलं, पण ईदचा शीरखुर्मा, दादीची दखनी बोली क्वचितच दिसायची. दोन्ही आरशांत आपण अर्धेच दिसलो. स्वतःबद्दल मराठीत लिहिण्याची गरज त्यातूनच तीव्र झाली. 1990 ला सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या मागे हीच तहान होती.

नव्वदीत केबल टीव्ही घरोघर आला. 1999 ला ‘शमा’ बंद पडला. आज कितीतरी घरांत नातवाला उर्दू लिपी येत नाही, आणि दादीने जपलेला अंक त्याच्यासाठी नुसता कागद असतो.

म्हणून पालकांना आमची विनंती: गठ्ठा देण्याआधी एक अंक काढा. दादी-नानीला एक पान मोठ्याने वाचू द्या. मुलांना ते आपल्या मराठीत वहीत लिहू द्या. जाहिरातीत काय विकलं जायचं, वाचकांची पत्रं कशाबद्दल असायची, हे त्यांना विचारू द्या. उरलेले अंक शाळेच्या वाचनालयात द्या. रद्दीचे पैसे दोन दिवसांत संपतील. वाचून सांगणारी माणसंही कायम राहणार नाहीत.