आंबडवे आणि डोर्ले

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे आणि खाली दक्षिणेकडे डोर्ले. पहिलं बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव, दुसरं डॉ. शारदा कबीर यांच्या घराण्याचं. पण महार सुभेदाराचा मुलगा आणि सारस्वत ब्राह्मणाची मुलगी यांची गाठ त्या काळच्या कोकणात कुठून पडणार? ती पडली पार्ल्यात, १९४७ साली, डॉ. राव नावाच्या स्नेह्यांच्या घरी. पुढे डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात भेटी वाढल्या. बाबासाहेब तिथे मधुमेह आणि सांधेदुखी घेऊन येत, शारदाबाई तिथे डॉक्टर होत्या.

बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाबाई १९३५ साली गेल्या होत्या. आता त्यांची स्वतःची प्रकृती ढासळत होती आणि घटनेचं काम डोक्यावर होतं. डॉक्टर आणि मित्र सांगत होते, काळजी घेणारं माणूस घरात हवं. म्हणून हे लग्न सेवेपुरतं होतं असं आजही ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. नुसती शुश्रूषाच हवी असती तर नर्स ठेवता आली असती. १९४८ च्या सुरुवातीला त्यांनी दिल्लीहून पत्रांतून मागणी घातली, ‘शारू’ म्हणून हाक मारली, स्वतःच्या तापट स्वभावाची आधीच कल्पना दिली. सत्तावन्न वर्षांच्या उंबरठ्यावरचा माणूस असं लिहितो ते फक्त औषधाच्या वेळा सांभाळायला कुणी हवं म्हणून नाही. आणि शारदाबाईही काही भाबड्या नव्हत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम.बी.बी.एस. झालेल्या, एकोणचाळिशीच्या बाई. होकार देण्याआधी त्यांनी मोठ्या भावाला विचारलं. कबीरांच्या घरातून विरोध झाला नाही, कारण बहुतेक भावंडांनी आधीच जातीबाहेर लग्नं केली होती.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हार्डिंग अ‍ॅव्हेन्यूवरच्या बंगल्यात नोंदणी पद्धतीने लग्न झालं. बाबासाहेबांचा वाढदिवस आदल्याच दिवशी झाला होता. देशाचे कायदामंत्रीच नवरदेव, तरी जातीबाहेरचं लग्न विधी करून लावलं असतं तर ते कायद्यात टिकलं असतं का, याबद्दल शंका होती. ती शंका दूर करणारा हिंदू विवाह वैधता कायदा आला दुसऱ्या वर्षी, १९४९ मध्ये. जात मोडण्याचा खरा उपाय बेटीव्यवहार, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं. बारा वर्षांनी ते स्वतःच्या घरात घडलं.

शारदाबाई आता सविता झाल्या, लोकांच्या तोंडी माईसाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दोघांनी बरोबरच धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच बाबासाहेब गेले, आणि माईसाहेबांवर त्यांच्या मृत्यूचा संशय घेतला गेला. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक होता असं संसदेत सांगितलं गेलं. संशय मात्र ओसरला नाही. ‘ब्राह्मणीण’ हा शब्द त्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागला. माहेरी जातीवरून अडवलं नाही आणि सासरच्यांनी जात विसरू दिली नाही, हे मला या लग्नातलं सर्वांत कडू वाटतं. त्या दिल्लीत जवळजवळ अज्ञातवासात राहिल्या. सत्तरच्या दशकात दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा माणसांत आणलं, हे त्या पोरांचं मोठेपण. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, ते राष्ट्रपती भवनात माईसाहेबांनी स्वीकारलं. २००३ साली मुंबईत त्या वारल्या.

एक गोष्ट राहिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. आपलं आयुष्य लांबलं त्याचं श्रेय त्यात त्यांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं होतं. १९५७ साली ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. तुमच्या घरी हा ग्रंथ असेल, तर ती तुमच्या प्रतीत आहे का, एवढं जरूर पाहा.